डंकाचा परवाना

नगरपालिकेचा ओव्हरसियर म्हणून माझ्या नेमणुकीच्या हुकमात हवा हा शब्द नव्हता. रस्ते होते, गटारं होती, पाण्याची टाकी होती आणि सगळ्यांत शेवटी ‘व इतर अनुषंगिक कामे’ असं लिहिलं होतं. हवा त्या अनुषंगिकात आली. तोवर गावाची समजूत अशी होती, की हवा महाबळेश्वरला असते आणि ऐपत असलेली माणसं उन्हाळ्यात ती खायला तिकडं जातात. बाकीच्यांनी जी मिळेल ती घ्यायची.

आमचं गाव साताऱ्याहून सांगलीला जाताना कृष्णेच्या काठावर लागतं. नाव सांगत नाही. लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेना, तेव्हा प्रवाशांच्या सर्व्हिस मोटारी कोळशाच्या गॅसवर चालू लागल्या. मोटारीच्या पाठीला एक लोखंडी पिंप बसवलेलं असे. गाडी थांब्यावर आली, की क्लीनर खाली उतरून त्या पिंपातला विस्तव ढवळायचा. थांबा नेमका नगरपालिकेच्या खिडकीखाली होता. एकदा जनरल सभा चालू असताना क्लीनरनं जरा मन लावून ढवळलं. सभा खोकत तहकूब झाली आणि पुढच्या सभेत ‘धूर व उपद्रव उपसमिती’ स्थापन झाली. मोटारींचा थांबा मात्र तिथंच राहिला, कारण मोटारी उपसमितीच्या अखत्यारीत येत नव्हत्या.

अखत्यारीत आली ती गुऱ्हाळं, वीटभट्ट्या, पिठाच्या गिरण्या आणि जे जे म्हणून इंजिनावर चालतं ते. उपसमितीनं पाहणी करायची, मी नकाशा तपासायचा, धुराड्याची उंची मोजायची, अटी लिहायच्या आणि मग परवाना निघायचा. धुराडं शेजाऱ्याच्या आढ्यापेक्षा उंच असावं असा नियम होता. त्यामुळं शेजाऱ्यानं माडी चढवली, की गिरणीवाला धुराडं चढवायचा. गावाची वाढ ज्याला म्हणतात ती बरीचशी या मार्गानं झाली.

उपसमितीचे चेअरमन वकील होते. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना पाहणीची फार हौस. पाहणीला निघताना पुढं पट्टेवाला, मागं दोन सभासद, त्यांच्या मागं मी आणि माझ्या मागं खुर्च्या घेऊन दोन झाडूवाले, अशी ती मिरवणूक असे. जागेवर जाजम अंथरायचं, त्यावर खुर्च्या मांडायच्या, चेअरमननी मधल्या खुर्चीत बसून हवा घ्यायची आणि मत द्यायचं. आमच्याकडं दुसरं साधन नव्हतं. हवेची तपासणी सभासदांच्या नाकानं होई. यात अडचण एकच होती. चेअरमन तपकीर ओढत. सकाळी उठल्यापासून ओढत. त्यांच्या नाकाला वीटभट्टी आणि गुलाबाची बाग यांतला फरक निदान वीस वर्षं तरी कळला नसावा. ते डोळे मिटून दीर्घ श्वास घेत आणि म्हणत, “मला काही जाणवत नाही.” पट्टेवाला ते मान हलवून ऐकत असे.

लढाई संपून वर्ष झालं असेल. फौजेतून सुटून आलेल्या एका हवालदारानं डंकाचा परवाना मागितला. डंक म्हणजे चटणी कुटायचं यंत्र. लोखंडी उखळात जड मुसळं इंजिनाच्या पट्ट्यावर वरखाली होतात. आमच्या भागात होळी झाली, की घरोघर वर्षाची चटणी करायची धांदल उडते. मिरच्या वाळवायच्या, कांदा-लसूण, खोबरं तेलात भाजायचं आणि मृगाच्या आत सगळं कुटून बरण्या भरायच्या. इतकी वर्षं बायका हे हातानं कुटत. हवालदार फौजेत मोटारदुरुस्तीच्या कारखान्यात होता. लष्कराच्या मोडीत निघालेलं एक तेलाचं इंजिन त्यानं आणलं होतं, आणि त्याबरोबर तेलाचं एक भरलेलं पिंप.

त्याच्या थोरल्या भावाचा नदीकाठी ऊस होता. गावातली रस्त्यावरची खोली भावानंच त्याला दिली होती. पण वर सांगितलं होतं, की मृगापर्यंत डंक चालला तर चालला, नाहीतर इंजिन मळ्यात आणायचं, पाणी उपसायला.

“आन इंजिनाबरूबर मला बी,” हवालदार मला म्हणाला. “सायेब, मी जर्मनापुढनं जिता आलो, पर त्या मळ्यात उभा राहिलो तर आता न्हाई जिता राहायचा.”

“जर्मन समोर होता का? तुम्ही तर कारखान्यात होता.”

“कारखान्यावर बी बाँब पडत्यात की. आन बाँब टाकायला कुनी परवानगी इचारत न्हवतं. हितं मिरची कुटायला चेअरमन लागतोय.”

परवान्याशिवाय त्याला दुसरीही अडचण होती. इंजिनाचं तेल कंट्रोलवर होतं. मामलेदार कचेरी तेलाची चिठ्ठी देई, पण नगरपालिकेचा परवाना दाखवल्यावर. म्हणजे परवाना निघेपर्यंत जे पिंप होतं तेवढंच. हे त्यानं अर्जात लिहिलं होतं, मला तोंडी सांगितलं होतं आणि चेअरमनना दोनदा सांगितलं होतं. चेअरमन म्हणाले होते, “नोंद घेतली.”

शेजारी एक रिटायर मास्तर राहत. त्यांना दमा होता. त्यांनी हरकत घेतली, आणि हरकत खरी होती. उन्हाळ्यात वारा पश्चिमेचा, खोली पश्चिमेला, मास्तरांची ओसरी पूर्वेला. मिरचीची धूळ दुसरीकडं कुठं जाणार? मी डंकाभोवती फळ्यांची बंदिस्त खोली करायला लावली, तिला दुहेरी दार, खिडक्यांना ओलं गोणपाट आणि वर नदीच्या अंगाला तोंड असलेला पत्र्याचा नळ. हवालदारानं ते सगळं चार दिवसांत उभं केलं. आतमध्ये काम करताना तो फौजेतला गॅसचा मुखवटा घालायचा. मोठमोठ्या काचेच्या डोळ्यांचा, पुढं सोंड असलेला. त्या वेशात तो दार उघडून बाहेर आला, की रस्त्यावरची बैलं बुजायची.

आता चाचणी घ्यायची होती. नाकांवर भिस्त ठेवायची माझी तयारी नव्हती. मास्तरांच्या ओसरीवर एक ओलं पांढरं कापड ताणून बांधायचं, कुटाई झाली की ते किती तांबडं झालं ते बघायचं, असं मी सुचवलं. कापडही कंट्रोलवर होतं, त्यामुळं नगरपालिकेकडं कापड नव्हतं. मास्तरांनी आपला पंचा दिला. हरकतदारानं पुरावा स्वतःच्या अंगावरून काढून देण्याचा तो बहुधा पहिलाच प्रसंग.

मग प्रश्न आला मिरचीचा. परवाना नसताना गिऱ्हाइकाचं काम घ्यायला बंदी, म्हणून कुणाची मिरची पैसे घेऊन कुटता येईना. आणि नगरपालिका मिरची खरेदी कुठल्या सदराखाली करणार? चेअरमन विचारात पडले. तेवढ्यात मास्तरांच्या बायकोनं दाराआडून सांगितलं, “चाचणीच घ्यायची आहे ना? मग आमची घ्या. भाजून तयार आहे.”

मास्तर म्हणाले, “अगं, आपण हरकत घेतली आहे.”

“ती तुम्ही घेतलीत. हात माझे दुखतात.”

हवालदारानं मास्तरांच्या घरची चटणी कुटली. चाचणी असल्यामुळं फुकट. पंचा फिकट गुलाबी झाला. मास्तर ओसरीवर बसून राहिले होते. त्यांना विचारलं तेव्हा म्हणाले, “खोकलो. पण काल उखळात हिनं कुटलं तेव्हा जास्त खोकलो होतो.” मी त्याच दिवशी परवाना द्यावा असा शेरा लिहिला. दोन्ही सभासदांनी होकार दिला. चेअरमननी तपकिरीची डबी उघडली, मिटली आणि म्हणाले, “ही संकेश्वरी मिरची होती. ब्याडगीचं काय?”

मी म्हणालो, “धूळ धूळच असते.”

“तसं कसं? एक तिखट, एक रंगाला. उद्या कुणी अपील केलं तर? चाचणी सर्वंकष पाहिजे.”

ब्याडगी एका सभासदाच्या घरी होती. दुसऱ्या चाचणीत ती कुटली. पंचा पुन्हा तेवढाच गुलाबी. मग निघालं, की वडूजच्या बाजूची कोरडवाहू मिरची जास्त उडते. ती दुसऱ्या सभासदाच्या सासुरवाडीहून आली होती. तीही कुटली. मग लवंगी. मग, हळकुंडं कुटल्यावर पिवळी धूळ निराळी पडते का हे बघायला हळकुंडं. पट्टेवाल्याच्या घरची एक पोटली यात कधी गेली ते मला कळलंच नाही. प्रत्येक वेळी मिरवणूक, जाजम, खुर्च्या. प्रत्येक वेळी चेअरमन डोळे मिटून म्हणत, “मला काही जाणवत नाही,” आणि निर्णय पुढं ढकलत. रस्त्यात बायका विचारू लागल्या, “आवं, आमची चाचनी कवा हाय?”

चेअरमन हे लबाडीनं करत होते असं मी म्हणणार नाही. त्यांना खरोखरच वाटत होतं, की आपण एका शास्त्रीय कामात गुंतलो आहोत. त्यांच्या आयुष्यात इतके लोक त्यांच्या नाकाकडं बघत कधी बसले नव्हते.

हवालदार रोज पिंपावर बोटानं टिचकी मारायचा. आवाज रोज जास्त पोकळ यायचा. चैत्र गेला. एकदा मी कचेरीतून येताना तो पायरीवर मुखवटा मांडीवर घेऊन बसला होता.

“दादा येऊन गेला,” तो म्हणाला. “इंजिन मापून गेला. म्हनला, मळ्यात चौथरा बांधायला घेतो.”

“मी पुन्हा शेरा लिहितो.”

“तुमी लय लिवता, सायेब. तुमचं अक्षर बी झ्याक हाय. पर इंजिन त्येच्यावर चालत न्हाई.”

त्याचं म्हणणं बरोबर होतं. मी तरीही शेरा लिहिला.

वैशाखात चेअरमननी जाहीर केलं, की शेवटची आणि निर्णायक चाचणी त्यांच्या स्वतःच्या घरच्या मसाल्यावर होईल, म्हणजे कुणाला शंका घ्यायला जागा राहायची नाही. त्यांचं घर मोठं, येणंजाणं मोठं, त्यामुळं मसालाही मोठा. मिरच्यांची पोती, तेलात परतलेला कांदा, लसूण, भाजलेलं खोबरं, तीळ, सगळं पितळी पातेल्यांतून आलं. बरोबर त्यांच्या पत्नी आल्या. आपला मसाला दुसऱ्याच्या हवाली करून घरी बसणाऱ्या बायका आमच्याकडं नाहीत.

हवालदारानं सुरुवातीलाच हात जोडून सांगितलं, “वकीलसायेब, त्याल तळाला गेलंय. ह्ये पुरं हुईल का न्हाई सांगता येत न्हाई.”

“चाचणी सुरू करा,” चेअरमन म्हणाले. “नोंद घेतली आहे.”

मसाला अर्धा कुटून झाला, कांदा-खोबरं उखळात पडलं, आणि इंजिनानं दोन आचके दिले. मुसळं वर गेली ती वरच राहिली. हवालदार दार उघडून बाहेर आला, मुखवटा काढला आणि पिंप आडवं करून सगळ्यांना दाखवलं. त्यातून एक थेंब आला. तो जाजमावर पडला.

चेअरमन अजून डोळे मिटून हवा घेत होते.

“बंद का झालं?” त्यांच्या पत्नींनी विचारलं.

“त्याल सपलं, आक्का.”

“मग आणा.”

“मामलेदार देत न्हाई. परवाना न्हाई म्हनून.”

“परवाना कोण देतं?”

हवालदार मुखवट्याची काच पुसू लागला. सभासद आपापल्या पायांकडं बघू लागले. मास्तर तेवढे आपल्या ओसरीवरून शांतपणे म्हणाले, “ते मधल्या खुर्चीत बसलेत.”

बाई उखळाशी गेल्या. आतला तेलकट लगदा त्यांनी चिमटीत घेऊन हुंगला. या उन्हात तो रात्रभर राहिला, तर सकाळी खवट होणार हे तिथं उभ्या असलेल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. मग त्या नवऱ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, “वर्षाचं आहे.”

चेअरमननी डोळे उघडले. एखादं कलम आठवतं का म्हणून त्यांनी माझ्याकडं पाहिलं. माझ्या खिशात परवाना पहिल्या चाचणीपासून लिहून तयार होता. सही तेवढी राहिली होती. तो मी पुढं केला. मास्तरांनी दौत दिली. सही करताना चेअरमन म्हणाले, “चाचणी समाधानकारक झाली असं माझं मत आहे,” आणि नियमाप्रमाणं आम्ही ते टिपून घेतलं.

मामलेदार कचेरी बंद व्हायला थोडाच अवकाश होता. परवाना घेऊन चेअरमन स्वतः गेले. पट्टेवाला पुढं नव्हता, जाजम नव्हतं, मागं सभासद नव्हते. धोतराचा सोगा हातात धरून ते बाजारपेठेतून इतक्या भराभर चालत गेले, की ओळखीचे लोक नमस्कार करेपर्यंत पुढं निघून गेलेले असत. दिवे लागायच्या आत तेल आलं. मसाला पुरा झाला. पंचा यावेळी बराच तांबडा झाला होता. पण तो कुणी पाहिला नाही, मी सोडून. दुसऱ्या दिवशी मी खिडक्यांना दुहेरी गोणपाट लावायची अट परवान्यात घातली. हवालदारानं ती न कुरकुरता पाळली आणि शिवाय आपल्याकडचा दुसरा मुखवटा मास्तरांना नेऊन दिला. त्यापुढं चटणीच्या दिवसांत मास्तर ओसरीवर तो मुखवटा घालून वर्तमानपत्र वाचत बसत. नवखी माणसं रस्ता बदलून जात.

मृग जवळ आला तसा थोरला भाऊ रिकामी बैलगाडी आणि दोरखंड घेऊन इंजिन न्यायला आला. डंकापासून मारुतीच्या देवळापर्यंत बायका पातेली, सुपं, पोटल्या घेऊन रांगेत बसल्या होत्या. गाडी पुढं यायला वाट नव्हती. भावानं लांबूनच हाक मारली. दार उघडलं, काचेचे डोळे आणि सोंड बाहेर आली. बैल बुजले. मुखवट्यातून बोललेलं काही कळत नसे, म्हणून हवालदारानं नुसता हात लांब करून त्याला रांगेचं शेवटचं टोक दाखवलं आणि दार लावून घेतलं.

भावानं रांग टोकापर्यंत बघून घेतली. मग त्यानं गाडी वळवली. संध्याकाळी तो परत आला तेव्हा गाडीत दोरखंड नव्हता. मळ्यातली मिरची होती, आणि ती घेऊन तो देवळापाशी जाऊन बसला.