काकूंनी मागितलेली माफी

हे आत्ताच्या आत्ता सांगायलाच हवं, पोटात राहत नाहीये!

ऑफिसच्या कॉम्प्युटर्सवर मी क्लाउडवरून, जागेवरून न उठता सॉफ्टवेअर टाकते. काल नवीन सॉफ्टवेअर आधी टेस्ट मशीनवर टाकायचं होतं. घाईघाईत कॉम्प्युटर्सच्या यादीतलं त्याच्या खालचं नाव निवडलं, आणि खरेदी विभागातल्या काकूंचा कॉम्प्युटर धाडकन रीस्टार्ट! सकाळपासून टाइप केलेलं, सेव्ह न केलेलं पत्र गेलं.

मी पळत गेले, तर त्याच म्हणाल्या, “सॉरी गं, माझ्याच हातून काहीतरी दाबलं गेलं.”

आणि मी काय म्हणाले? “होतं असं, काकू. सेव्ह करत जा ना.”

सेव्ह करत जा म्हणे! मी!

“हो गं बाई,” म्हणत त्यांनी पहिल्या ओळीपासून टायपिंग सुरू केलं. अजून खरं सांगितलेलं नाही.

तुमची चूक कुणी स्वतःवर घेतली आणि तुम्ही गप्प बसलात, असं झालंय का कधी?