तीन पेनांची वही

शेठने माझी पर्स गादीवर उलटी केली.

साडीच्या दुकानातली पांढरी गादी. तिच्यावर पैठण्या उलगडतात. आम्ही कामाच्या पोरी हात पुसल्याशिवाय तिला शिवत नाही. त्या गादीवर माझं इन्सुलिनचं पेन पडलं, सुयांची पुडी, साखर तपासायचं मशीन, ग्लुकोज बिस्किटांचा अर्धा पुडा आणि एक पॅड. लग्नसराई होती. डोंबिवलीतलं ते दुकान गच्च भरलेलं. सगळ्यांनी बघितलं.

झालं होतं एवढंच की मी इन्सुलिन घेत होते. जेवायच्या आधी पोटात टोचावं लागतं. साड्यांच्या गठ्ठ्यांमागे भिंतीकडे तोंड करून, कुर्ता बोटभर वर करून मी टोचत होते. एका मोठ्या गिऱ्हाईक बाईंनी ते पाहिलं. ठाण्याहून गाडी घेऊन यायच्या, एका खेपेला पंधरा साड्या न्यायच्या. त्या शेठला म्हणाल्या, "ही मुलगी सुई घेते. बॅग बघा हिची."

मी सांगितलं की मला शुगर आहे, लहानपणापासून आहे, कामाला लागतानाच सांगितलं होतं. बाई म्हणाल्या, "शुगर मलाही आहे. म्हणून मी चारचौघांत पोट उघडं टाकते का?"

शेठ हसला. गिऱ्हाईकही हसले. मग शेठने फर्मान काढलं की हे असले प्रकार यापुढे वर, संडासात. आणि मला बाईंची माफी मागायला लावली. मी मागितली. हात जोडून मागितली. त्याची लाज मला आजही वाटते.

आता गंमत बघा. शेठलाही शुगर होती. त्याचा बिनसाखरेचा चहा वेगळा यायचा. त्याच गादीवर बसून तो चांदीच्या डबीतून गोळी काढायचा आणि गिऱ्हाईक काळजीने विचारायचे, शेठ, कंट्रोलमध्ये आहे ना? बैठं काम, डोक्याला ताप, व्हायचंच, असं तो कौतुकाने सांगायचा. त्याची शुगर गादीवर, माझी संडासात.

माझी शुगर खाण्यापिण्याने झालेली नाही. नऊ वर्षांची होते तेव्हा शरीराने इन्सुलिन बनवणंच बंद केलं. तेव्हापासून दिवसाला चार वेळा टोचायचं, चार वेळा बोटातून रक्त काढायचं. घास मोजायचा. पंधरा वर्षं झाली. एक दिवस सुट्टी नाही. वयाने मोठी झाले तसं लोक म्हणायला लागले, आता सवय झाली असेल. सवय कसली होते? बोटं जाड होतात एवढंच.

संडासाची चावी शेठच्या गल्ल्याशेजारी टांगलेली असायची. कोणी हरवू नये म्हणून कापड मोजायच्या मोडक्या गजाला बांधलेली. हातभर लांब लोखंडी पट्टी. ती घेऊन भर दुकानातून जिन्याकडे जायचं, म्हणजे कुठे चाललोय ते सगळ्या जगाला कळायचं. वर गेलं की ओली फरशी, दिवा नाही, सुई ठेवायला कोरडी जागा नाही. दोन आठवडे गेले. मग एका दुपारी मी गेलेच नाही.

काही झालं नाही. मी मेले नाही. दुसऱ्या दुपारीही नाही गेले. मग तपासणंही सोडलं. घरी सकाळ-संध्याकाळचं आईसमोर टोचायचे, कारण ती बघायची. दुपारचं बंद. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. पंधरा वर्षांनी पहिल्यांदा दिवसातले काही तास मी कोणाची गुलाम नव्हते.

पण साखर चढली की तहान लागते. घशाला कोरड, डोळ्यांपुढे धूसर, पाय शिसाचे. पाणी प्यायलं की लघवी, आणि लघवी म्हणजे तोच गज. ज्या चावीपासून पळाले तीच दिवसातून सहा वेळा मागायला लागले. शेठ एकदा सगळ्यांसमोर म्हणाला, "तू कामाला येतेस की संडासला?" त्या दिवसापासून मी दुकानात पाणीही सोडलं.

घरी वही होती. साखरेची वही. आई चार घरच्या पोळ्या करते, शाळा चौथीपर्यंत, पण हे आकडे ती माझ्या आजारासाठी शिकली. रोज संध्याकाळी वही उघडायची आणि बोट ठेवून वाचायची. आकडा चांगला असला की त्या दिवशी तिची भाजी चांगली व्हायची. तर मी आकडे बनवायला लागले. एकशे बत्तीस. एकशे अठ्ठेचाळीस. मध्येच एखादा दोनशे दहा, खरं वाटावं म्हणून. निळं पेन, काळं पेन, दुकानातलं जाडं पेन. तीन पेनं आलटून पालटून, म्हणजे वही एका बैठकीत लिहिलेली दिसू नये.

मला काय माहीत, आई नवस बोलली होती. तीन महिने आकडे सरळ राहिले तर टिटवाळ्याच्या गणपतीला अनवाणी चालत येईन.

मेमध्ये तिने ते सांगितलं आणि मी थिजले. म्हटलं, ऊन आहे, रिक्षाने जाऊ. ती म्हणाली, नवस रिक्षाने फिटत नाही. तेव्हा बोलायला हवं होतं.

पहाटे निघालो. ठाकुर्ली, कल्याण, शहाड, आंबिवली. मीही चपला काढायला लागले तर तिने हात धरला. शुगरवाल्यांच्या पायाला जखम होता कामा नये, हे तिला पाठ. म्हणजे आई अनवाणी आणि शेजारून मी चपला घालून. शहाडपर्यंत ऊन चढलं. डांबर तापलं. मी बाटलीमागून बाटली पाणी पीत होते. आई म्हणाली, उन्हाचं आहे गं, आणि स्वतःची बाटली मला दिली. मी ती पण प्यायले. देवळाच्या पायरीवर तिने तळवे पाहिले. फोड आलेले, दोन फुटलेले. आणि ती हसत होती. इतकं खूश मी तिला माझ्या दहावीलाही पाहिलं नव्हतं.

दहा दिवसांनी सरकारी हॉस्पिटलात तपासणी होती. एक रिपोर्ट असा असतो की त्यात मागच्या तीन महिन्यांची साखर कळते. त्याला पेनं बदलून फसवता येत नाही. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, वही बघितली. आवाज न चढवता म्हणाले की वही खरी नाही. मग डोळ्यांत औषध घालून पडदा तपासला. पडद्यावर रक्ताचे ठिपके होते. लेझर करावं लागेल म्हणाले, पण गेलेली नजर परत येईलच असं नाही.

आई शेजारी उभी होती, पायाला पट्ट्या. तिने आधी रिपोर्ट हातात घेतला, मग वही. एक पान उलटलं, दुसरं उलटलं. रडली नाही. ओरडलीही नाही. एवढंच विचारलं, "मग मी कशासाठी चालले गं?"

शेठपुढे जोडलेले हात मला त्या क्षणी दिसले. त्या एका माफीची किंमत आईच्या तळव्यांनी दिली होती. माझ्या डोळ्यांनी दिली होती. शेठचं काय गेलं? त्याचा चहा वेळेवर येत होता.

सोमवारी दुकानात गेले. दुपारी डब्याची वेळ झाली. मी पर्स घेतली आणि स्वतःच्या हाताने गादीवर मांडली. मशीन, रक्त तपासायची पट्टी, पेन, सुई. बोट टोचलं. तीनशे शहाऐंशी. हातातली साडी तशीच सोडून गिऱ्हाईक बघत राहिलं. शेठ म्हणाला, "वर जा."

"नाही जाणार," मी म्हटलं. "तुमची गोळी जिथे, माझी सुई तिथे."

कुर्ता वर केला आणि टोचलं. शेठने उद्यापासून येऊ नकोस सांगितलं. टोचल्यावर जेवावंच लागतं, म्हणून मी गादीच्या काठावर बसून डबा संपवला. सावकाश. आईच्या पोळ्या होत्या. मग वही काढून खरा आकडा लिहिला आणि उठले.

आता दुसऱ्या दुकानात आहे. कामाचं विचारायला गेले तेव्हा आधी पेन काउंटरवर ठेवलं, मग नाव सांगितलं. त्याआधी दोन ठिकाणी नाही म्हणाले. म्हणोत. डाव्या डोळ्यात काळा डाग तरंगतो. आकडे अजून सरळ नाहीत. कधी कधी सगळं फेकून द्यावंसं वाटतं, आणि तेही मी आता डॉक्टरांना सांगते.

आई वही उघडत नाही. मी उघडून समोर ठेवली तरी तिची नजर कणकेवरून उठत नाही. तिचा विश्वास मी मारला, तो लेझरने जुळायचा नाही. म्हणून रोज संध्याकाळी मी मोठ्याने वाचते. दोनशे चौऱ्याण्णव. तीनशे दहा. एकशे सत्तर. ती ऐकते की नाही, माहीत नाही. ती पाठ फिरवून बसली तरी वाचेन. एकाच पेनाने लिहिलेलं.