मंगलचं फ्रेंच

हे मी आजवर तोंडातून काढलेलं नाही. सख्ख्या भावाजवळ नाही, दोन पेग पोटात गेल्यावर मित्रांजवळ नाही. मंगलजवळ, म्हणजे माझ्या बायकोजवळ, तर नाहीच नाही. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. सांगायला सोपं आहे तेवढं आधी सांगतो.

त्या काळी पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपन्या भराभर माणसं परदेशी पाठवत होत्या. मला पाठवलं फ्रान्समध्ये, ग्रेनोबलला, दोन वर्षांसाठी. का, तर मी डेक्कनवर क्लास लावून फ्रेंचच्या परीक्षा दिल्या होत्या. अख्ख्या ऑफिसात फ्रेंच येणारा मी एकटा. त्याचा काय तोरा होता, विचारू नका.

मंगल हडपसरची, शेतकऱ्याच्या घरातली. लग्न होऊन आली तेव्हा ‘हाय’, ‘न्हाई’ म्हणायची. आमचं घर कर्वेनगरचं. आई तिला वाक्याच्या मध्येच थांबवायची, ‘आहे म्हणावं’ म्हणून सांगायची, पाहुण्यांसमोरसुद्धा. बाबा मिशीत हसायचे. आणि मी? मीही हसायचो की. सहा महिन्यांत मंगल घरात कामापुरतं बोलायला लागली. आम्ही आपले सगळ्यांना सांगत सुटलो, सून स्वभावानं शांत आहे.

ग्रेनोबलला घरमालकाचा एक जुना टीव्ही होता, रिमोटला चिकटपट्टी लावलेला. त्यावर सगळं फ्रेंच. मी आठला घर सोडायचो, ती दिवसभर तो लावून बसायची — लसूण सोलत, कपड्यांच्या घड्या घालत. बातम्या, रेसिप्या, दुपारच्या मालिका. मला वाटलं, बिचारी चित्रं बघते. एकदा अंगात ताप भरला म्हणून दुपारीच घरी आलो, तर जिन्यात बाईचा चढलेला आवाज. आमच्याच घरातून. मंगल हवामान सांगणाऱ्या बाईला झापत होती — फ्रेंचमधून! काल ऊन पडणार म्हणालीस, माझ्या दोन चादरी भिजल्या, त्याचं काय? एवढा मोठा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. मी जिन्यातच थांबलो. फार आवडलं हो मला ते. हे मुद्दाम सांगतोय, म्हणजे पुढचं मी कळूनसवरून केलं हे तुमच्या लक्षात येईल.

पुढे ती बेकरीवाल्या बाईशी गप्पा मारायला लागली. खालच्या मजल्यावरच्या आजींबरोबर बाजारात जायला लागली. मला कौतुक होतं — जोवर ते माझ्या ऑफिसपर्यंत आलं नव्हतं, तोवर.

एका रविवारी माझा मॅनेजर फिलिप आणि त्याची बायको जेवायला आले. मंगलनं भरली वांगी केली होती. ती कशी केली ते तिनं असं काही रंगवून सांगितलं, की फिलिप हातातला घास तसाच धरून ऐकत राहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, तू सरकारी पत्र वाचून दाखवल्यासारखं बोलतोस बघ, हिच्याकडून शीक. गमतीत म्हणाला. सगळे हसले, मीसुद्धा. पण आतून जळून खाक झालो. परीक्षा मी दिल्या, सर्टिफिकेटं माझी, आणि शिकायचं कुणाकडून? दिवसभर टीव्हीसमोर बसणारीकडून?

निघताना फिलिपची बायको मंगलला म्हणाली, आमच्या भागातल्या समाजकेंद्रात दर गुरुवारी बायका जमतात, तू येऊन त्यांना स्वयंपाक शिकव. मंगलनं लगेच हो म्हटलं. मला न विचारता हो म्हणण्याची ती तिची पहिलीच वेळ.

ते गेले. ती ताटं उचलत होती, गुणगुणत होती. आणि मी — सांगायचं तर हेच सांगायचं होतं — मी म्हणालो, “अगं, गंमत म्हणून बोलावतायत तुला. तुझं फ्रेंच ऐकून हसत होते ते.”

ती थांबली. तिनं एवढंच विचारलं, “माझ्या मराठीला हसायचे तसं?”

मी म्हणालो, “हो.”

कुठं लागेल ते मला नेमकं माहीत होतं. म्हणूनच तिथं मारलं ना? रागाच्या भरात गेलं तोंडातून, असं म्हणायचीही सोय नाही. चांगला शांतपणे म्हणालो मी.

ती गुरुवारी गेली नाही. पुढच्या गुरुवारीही नाही. टीव्ही बंद झाला. बेकरीत गेली की पावाकडे बोट दाखवायची आणि दोन बोटं वर करायची. त्या बाईनं मला विचारलं, मॅडमची तब्येत बरी नाही का? मी म्हणालो, थोडी दमलीय. आमचे अजून नऊ महिने राहिले होते तिथं. नऊ महिन्यांत मला ते एक वाक्य मागे घेता आलं नाही.

आता वारज्याला राहतो आम्ही. मंगल स्वच्छ ‘आहे’ म्हणते, बहिणीशी फोनवर बोलतानासुद्धा. मुलगी सई हडपसरच्या एका आयटी पार्कात नोकरीला आहे. तिला फ्रेंच क्लायंट मिळालाय. गेल्या महिन्यात ती वही घेऊन आईपाशी बसली. तू दोन वर्षं होतीस ना तिकडं, बोल ना माझ्याशी, म्हणून मागेच लागली.

मंगल म्हणाली, “नको गं. माझं फ्रेंच ऐकून लोक हसायचे तिकडे. बाबांना विचार, त्यांचं शुद्ध आहे.”

मी समोरच बसलो होतो. त्या जेवणात मंगलला कोणी हसलं नव्हतं. हसले होते ते माझ्या फ्रेंचला. हे या घरात फक्त मला माहीत आहे, आणि सई माझ्याकडे बघत होती.

मी चष्मा लावला, वही पुढे ओढली आणि तिला शिकवायला लागलो.