माधवनगरचा सोडवलेला कोंबडा

साताऱ्याहून सांगलीची एसटी सुटली तेव्हा माझ्या पिशवीत दशम्या होत्या आणि कोटाच्या खिशात पापावरचं प्रवचन. माधवनगरच्या आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीनं हंगामाच्या सणाला (नव्या पिकाचं देवाला अर्पण) मला बोलावलं होतं. शाळामास्तराला पापी लोकांची वाण नसते. पण चर्चमधले गप्प बसून ऐकतात, म्हणून मी खुशीत होतो.

कराडला भजी खाऊन गाडीत परतलो, तर शेजारी पाटणकडचे एक तात्या. त्यांच्या पायाशी पिशवी, आणि पिशवीतून मान काढलेला तांबडा कोंबडा. पायाला हिरव्या लुगड्याची चिंधी. मलकापूर मागं पडायच्या आत त्यानं माझी पोटरी फोडली.

"लय तापट हाय," तात्या कौतुकानं म्हणाले. "जावई मिल्ट्रीतनं सुट्टीवर आलाय माधवनगरला. त्याच्यासाठीच पाळला. तुमी कुठं निघालासा?"

"प्रवचनाला. माणूस पापी आहे आणि देव त्याला तारतो, यावर."

"समदी मानसं पापी?"

"सगळी."

तात्यांनी वळून अख्खी गाडी न्याहाळली. "कंडक्टर दिसतोय खरा," ते म्हणाले.

दोन्ही अंगांना उसाचे फड, आत धुरळा, असे आम्ही माधवनगरला पोचलो. उतरताना पिशवीचा बंद तुटला. कोंबडा टांग्याखालून निसटला आणि गिरणी कामगारांच्या चाळीत दिसेनासा झाला. दिवेलागणीपर्यंत आम्ही शोधला.

"जावयापुढं आता आमटी ठिवू व्हय?" तात्या रिकामी पिशवी झटकत म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

रविवारी सकाळी तात्या पुन्हा शोधायला निघाले आणि दमून आमच्या चर्चमध्ये येऊन टेकले. पुढं भोपळे, शाळूची कणसं, अंडी मांडली होती. उपासनेनंतर या सगळ्याचा लिलाव होतो आणि पैसे चर्चला जातात. मी पापाचा भाग संपवून तारणाकडं वळणार, तोच भोपळ्यांमागून कोंबडा आरवला. शास्त्रातही कोंबडा आरवल्यावरच येशूला नाकारलेल्या एका शिष्याला आपलं पाप आठवलं होतं, त्यामुळं मंडळी दचकली. तात्या तर उभेच राहिले. पाळकसाहेबांनी घाईनं प्रार्थना करून माझं प्रवचन गुंडाळलं.

लिलावात पाळकसाहेबांनी कोंबडा उंच धरला. पायाला तीच हिरवी चिंधी. "हे दानीएलचं अर्पण!"

दानीएल गिरणीतला कामगार. सणाला तो दरवर्षी रिकाम्या हातानं येतो, असं शेजारचा कुजबुजला. यंदा मात्र त्याची बायको सगुणा ताठ मानेनं बसली होती, आनंद तोंडावर मावत नव्हता. दानीएल जमिनीकडं बघत होता.

मी ओरडायला उठलोच. तात्यांनी कोट धरून खाली ओढलं. "बसा वो मास्तर. त्या पोरीच्या तोंडाकडं बघा की जरा."

आणि त्यांनी स्वतःच्याच कोंबड्यावर बोली लावली. एक कंत्राटदार इरेला पेटला, तेव्हा तात्यांनी परतीच्या तिकिटाचे पैसेही घातले आणि कोंबडा काखेत मारला.

आम्ही फाटकाबाहेर पडलो तशी मागून दानीएलनं धावत येऊन तात्यांचे पाय धरले.

"तात्या, कोंबडा तुमचाच हाय वो. काल चाळीत घावला, तुमी हुडकताना दिसलासा तरी लपवला. इकत आनला म्हनून मी बायकोला सांगितलं."

"ठावं हाय मला."

"आन् तरी पैसं दिलं?"

"आरं, माझा हाय म्हनूनच दिलं. दुसऱ्याचा असता तर एवढं दिलं असतं व्हय?"

दानीएल ढसाढसा रडला. मग डोळे पुसून आत गेला आणि त्यानं सगुणाला सगळं सांगितलं. ती बाहेर आली ती डोळे लाल करून, पण नवऱ्याचा हात धरूनच.

"तात्या, आज रश्श्याचा मसाला आमच्याकडनं," ती नवऱ्याला पुढं ओढत म्हणाली. "आन् वाटनार ह्ये!"

जावयाच्या पंगतीला मीही होतो. रस्सा झणझणीत होता आणि माझ्या पोटरीचा राग शांत झाला. परतीला कराडपर्यंत तात्यांचं तिकीट मी काढलं.

घरी बायकोनं विचारलं, "झालं का प्रवचन पुरं?"

"पापापर्यंत माझं झालं," मी म्हणालो. "पुढचं तात्यांनी केलं."