रस्ता मोकळा आहे, असं बबनशेठ सांगतात

सकाळी सात वाजून बेचाळीस मिनिटांनी मी रेडिओच्या ऑफिसात, पँट्रीत दूध तापवत उभी होते, आणि बाजूच्या खोलीतला फोन वाजायचा थांबत नव्हता. हे सगळं तिथून सुरू झालं. वेळ पक्की लक्षात आहे, कारण रेडिओत सगळं मिनिटावर चालतं, आणि पावणेआठला ट्रॅफिकची बातमी असते. तेव्हापासून किस्से इतके साठलेत की घरी एक सांगायला घेतला की त्याला धरून दुसरा येतो. आमचे हे म्हणतात, "तुमच्या रस्त्यावर गाड्या कमी नि गोष्टीच जास्त." म्हटलं, लिहून तरी काढावं.

तर तो फोन. ट्रॅफिकच्या फोनवर बसणारी मुलगी नोकरी सोडून गेली होती आणि नवीन कोणी आलं नव्हतं. मी उचलला. पलीकडे सलीमभाई. कळंबोली सर्कलजवळ त्यांचं पंक्चरचं दुकान आहे. म्हणाले, "दीदी, लिखो. कंटेनर बंद पडलाय, फुल जाम."

मी घाबरटच आहे पहिल्यापासून. मी विचारायला लागले, "कोणाला लागलं तर नाही ना? शाळेच्या गाड्या अडकल्यात का? बाजूने वाट आहे का? त्या ड्रायव्हरने काही खाल्लंय का?"

सलीमभाई म्हणाले, "थांबा, विचारून येतो."

मी सगळं दुधाच्या बिलामागे लिहिलं आणि रेडिओवर बोलणाऱ्या केदारदादाला काचेतून दाखवलं. त्याने वाचलं, जसंच्या तसं. शेवटी म्हणाला, "ड्रायव्हरने सकाळपासून काही खाल्लेलं नाही." पंधरा मिनिटांत त्या ड्रायव्हरकडे चार जणांनी डबे नेऊन दिले. दूध मात्र सगळं उतू गेलं.

*

आमच्या मॅडम, म्हणजे ऑफिसच्या मुख्य, मला म्हणाल्या, "सुनीता, तू बस फोनवर. एक महिना बघू. पण तीन चुका झाल्या की परत पँट्री."

हसून म्हणाल्या, पण मला ती गंमत परवडणारी नव्हती. कारण पँट्रीची ड्युटी संध्याकाळी पाचपर्यंत, आणि फोनची साडेअकराला संपते. माझी अन्वी ज्युनिअर केजीत. तिची व्हॅन सव्वाबाराला घणसोली गावात आमच्या गल्लीच्या तोंडाशी येते. तिला सांभाळणाऱ्या काकू मुलाकडे नाशिकला राहायला गेल्या होत्या, आणि आमचे हे दुपारच्या शिफ्टला बारालाच घर सोडतात. म्हणजे फोनची खुर्ची राहिली तर अन्वीला उतरवून घ्यायला आई, नाहीतर कोणीच नाही. बाकीच्यांना ती खुर्ची होती, मला ते लेकराच्या व्हॅनचं दार होतं.

मी केदारदादाला विचारलं, "हल्ली मोबाईलवर नकाशा असतो की. मग फोन कशाला करायचे?"

तो म्हणाला, "सुनीताताई, नकाशा लाल दिसतो. का लाल, ते त्याला माहीत नसतं. ते आपल्या माणसांना माहीत असतं."

*

आपली माणसं म्हणजे तिघं. कळंबोलीचे सलीमभाई, तुर्भ्याला उसाच्या रसाची गाडी लावणारे बबनशेठ, आणि आमच्या घणसोलीच्या मावशी. मावशींचं घर मेन रोडला लागून, वर गच्ची. तिघांचं मोजायचं माप वेगळं.

सलीमभाईंचं माप टायर. टायर गडगडवत रस्ता ओलांडता आला तर जाम. नाही आला तर ट्रॅफिक चालू. एकदा केदारदादाने फोन घेऊन विचारलं, "सलीमभाई, रांग किती किलोमीटर?"

"वो मैं नापने जाऊं? गिऱ्हाईकाला काय सांगू, रेडिओवाल्यांनी पाठवलं?"

मावशी गच्चीत पापड वाळत घालतात. त्यांचा फोन असा, "बाय, लाल बस चिंचेच्या झाडाशी आली तवा मी पापड घालाया घेतले. आता उलटून झाले, बस तिथंच हाय."

केदारदादाने वाचलं, "घणसोलीत साधारण एक पापड वाळेल एवढा उशीर." लगेच एका बाईंचा फोन, "पापड उडदाचा की तांदळाचा?"

मी मावशींना विचारून सांगितलं. तांदळाचा. त्या बाई म्हणाल्या, "मग मी ऐरोलीवरूनच जाते."

*

पहिली चूक बबनशेठची, पण नाव माझं लागलं.

बबनशेठ रोज सांगायचे, "वहिनी, तुर्भे एकदम मोकळं. येऊ द्या लोकांना." मी आपली लिहायचे, केदारदादा वाचायचा. एका मंगळवारी मॅडम ते ऐकून तुर्भ्यावरून निघाल्या आणि पाऊण तास एकाच जागी उभ्या राहिल्या. ऊन रणरणतं. काचेवर टकटक झाली. बाहेर बबनशेठ, हातात रसाचा ग्लास.

म्हणाले, "घ्या मॅडम, आलं-लिंबू टाकलंय. रेडिओ ऐकून आला असाल ना?"

मॅडमनी रस प्यायला, ऑफिसला आल्या आणि माझ्यासमोर एक बोट वर केलं.

मी बबनशेठना फोन लावला. म्हटलं, "शेठ, तुम्ही मोकळा सांगितलात."

"वहिनी, मी सांगितलं तेव्हा मोकळाच होता. तुम्ही रेडिओवर सांगितल्यावर सगळे आले, त्याला मी काय करू?"

त्या दिवसापासून मी बबनशेठचं बोलणं ऐकायचं सोडलं आणि त्यांच्या चरकाचे घुंगरू ऐकायला लागले. शेठ म्हणायचे मोकळं, आणि मागे घुंगरू थांबायचं नाव घेत नाहीत, म्हणजे गिऱ्हाईक रांगेत, म्हणजे तुर्भे जाम. घुंगरू गप्प, म्हणजे खरंच मोकळं. घुंगरांनी मला एकदाही फसवलं नाही.

*

दुसरी चूक पूर्ण माझी.

मला वाटायचं, आपण दहा मिनिटं सांगितली आणि एखाद्या आईला वीस लागली तर? तिचं लेकरू गेटवर उभं राहील. म्हणून मी दहाची वीस लिहायचे, वीसची चाळीस. कोणाला सांगितलं नव्हतं. आठवडाभर चाललं.

मग एका माणसाचा फोन आला. आवाज रडकुंडीला आलेला. "ताई, तुमच्यावर विश्वास ठेवून मी रोज लवकर निघतो. नोकरीत बारा वर्षं झाली, कधी वेळेत गेलो नव्हतो. आता पाच दिवस सगळ्यांच्या आधी पोचतोय. साहेब म्हणाले, 'म्हणजे तुम्हाला जमतं तर.' आता रोज साडेआठला बोलावलंय. माझं काय चुकलं?"

हा फोन स्पीकरवर होता आणि मॅडम मागे उभ्या होत्या. त्यांनी दोन बोटं दाखवली. जाता जाता म्हणाल्या, "सुनीता, काळजी तुझी तू घरी कर. रस्त्याला खरी मिनिटं दे."

त्या दुपारी अन्वीला उतरवून घेताना मी तिचा हात इतका घट्ट धरला की ती म्हणाली, "आई, मी पडत नाहीये."

*

मध्ये एक मावशींच्या भाच्याचाही किस्सा झाला. मावशींचा रिपोर्ट, "चिंचेखाली टेम्पो उभा हाय, त्याच्यामुलं सगली अडकल्यात. टेम्पो माझ्या भाच्याचा, मंग्याचा. तो हलवनार नाय. तो कोनाचंच ऐकत नाय, आईचं पन नाय."

मी सगळं लिहिलं. कुठलं गाळायचं ते मला तेव्हा कळत नव्हतं. केदारदादाने वाचलं, "मंगेश, टेम्पो काढ. आई पण सांगून दमली."

पाच मिनिटांत मावशींचा फोन. "हलवला. आनी आईच्या पाया पन पडला."

झालं. दुसऱ्या दिवसापासून बायकांचे फोन सुरू. एक म्हणाली, "माझे मिस्टर नेरूळ स्टेशनबाहेर रोज डबल पार्किंग करतात, नाव घेऊन सांगा." दुसरीला विचारलं, कुठल्या रस्त्यावर आहेत तुमचे मिस्टर, तर म्हणाली, "रस्त्यावर कुठले, सोफ्यावर आहेत. उठत नाहीत. पण रेडिओ ऐकतात."

*

आता शेवटचा सांगते.

महिना संपायला चार दिवस राहिले होते. मावशींच्या मुलीचा साखरपुडा ठरला, सकाळी अकराला, गावातच. मावशी म्हणाल्या, "बाय, तुजे ते पंक्चरवाले नि रसवाले, त्यांचे नंबर दे. रोज तुज्या तोंडून नाव आयकते, बोलवाया पायजे." मी दिले. मला कौतुकच वाटलं. एकमेकांची तोंडं न पाहिलेली माणसं, माझ्या फोनमुळे एका मांडवात येणार होती. केदारदादाला तर मावशींनी मानाचं बोलावणं केलं होतं. तो दहाची बातमी वाचून, मशीनवर गाणी लावून गेला. म्हणाला, "तोंड दाखवतो नि अकराच्या आत हजर."

मी फोनला बसले. दहा चाळीसला सलीमभाई. "दीदी, कळंबोली क्लिअर." मागे बेंजो वाजत होता. म्हटलं, असेल कोणाची तरी वरात.

मग बबनशेठ. "तुर्भे एकदम मोकळं, वहिनी." घुंगरू गप्प. पण मागे बेंजो. तोच. तेच गाणं, तेच कडवं.

मग मावशी. "रस्ता एकदम मोकला हाय, बाय." बेंजो आता कानातच.

रस्ते बघणारी माझी तिन्ही माणसं एकाच मांडवात होती, आणि आपण जागेवर नाही हे सांगायची तिघांनाही लाज वाटत होती. मॅडमनी लॅपटॉपवर नकाशा माझ्यासमोर धरला. घणसोली लालभडक. "हे कशाने?"

तेवढ्यात केदारदादाचा फोन. "सुनीताताई, मी अडकलोय."

"कुठे?"

"ते तुम्ही सांगायचं, ताई. मला समोर फक्त एका बसची पाठ दिसतेय."

मॅडम म्हणाल्या, "अकराला तूच बोलायचंस. खोटं वाचलंस तर तिसरी चूक. गप्प बसलीस तर तीही तिसरी."

मी म्हटलं, "मॅडम, मी सातवी झालेली बाई."

"रस्त्यावर अडकलेले कुठे शिक्षण विचारतायत?"

घड्याळात दहा पंचावन्न. सव्वाबाराला अन्वीची व्हॅन त्याच रस्त्याने यायची होती. मी मावशींना परत लावला. म्हटलं, "मावशी, तुम्हाला मुलीची शपथ. रस्त्यावर काय आहे?"

मावशी म्हणाल्या, "आगो बाय, रस्त्यावर आमचेच पावने हायेत. मैदान रिकामं हाय, पन चालाया लागतं म्हनून सगल्यांनी गाड्या रस्त्यावरच लावल्यान." मग म्हणाल्या, "लोकं लई अडकल्यात का गो?" मी हो म्हटलं. त्यांनी मला एक निरोप दिला आणि फोन ठेवला.

केदारदादाच्या खुर्चीवर बसले. लाल दिवा लागला. मी काय बोलले ते मला त्या वेळी काही कळलं नाही. नंतरचं सांगते. पंचवीस मिनिटांत नकाशावरची घणसोली हिरवी झाली. अन्वीची व्हॅन बारा वाजून तेरा मिनिटांनी आली, म्हणजे दोन मिनिटं आधीच. मॅडम तिसऱ्या बोटाबद्दल काही बोलल्या नाहीत. त्या ऑफिसात नव्हत्याच, घणसोलीला गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी पँट्रीत नवीन बाई होत्या, आणि त्यांनी मला चहा आणून दिला.

माझं बोलणं केदारदादाने नंतर ऑफिसच्या रेकॉर्डिंगमधून काढून ठेवलंय. ते असं आहे.

"हॅलो. हॅलो, येतोय ना आवाज? अकरा वाजलेत. मी सुनीता, फोनवरची. केदारदादा अडकलेत. आमची रस्त्यावरची सगळी माणसं आज एका साखरपुड्याला गेलीत, म्हणून कळंबोलीचं आणि तुर्भ्याचं मला काही माहीत नाही. उगाच खोटं सांगत नाही. घणसोलीचं माहीत आहे. घणसोलीचा जाम साखरपुड्याच्या गाड्यांचा आहे. पाहुण्यांनो, गाड्या रस्त्यावरनं काढा नि मागच्या मैदानात लावा. चालायला दोन मिनिटं लागतात, मी रोज चालते, लेकराला कडेवर घेऊन. थोड्या वेळाने पिवळी शाळेची व्हॅन येईल, तिला आधी जाऊ द्या. आणि ज्यांचा साखरपुड्याशी काही संबंध नाही, नुसतेच अडकलेत, त्यांनी पण गाडी मैदानात लावावी नि जेवून जावं. मुलीच्या आईने सांगितलंय, दारावरून कोणी उपाशी जायचं नाही. शाकाहारी लोकांची पंगत डाव्या हाताला आहे. ज्यांच्या गाडीत रेडिओ नाही, त्यांना जरा काच खाली करून सांगा."