कल्पिताचा वाटा

आमच्या अंधेरीच्या ऑफिसात कल्पिता सहा वर्षं माझ्या शेजारी बसते. वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली पोर. आवाज असा, की ती बोलायला लागली की समोरच्याला फोन कानाला लावायची गरजच नाही. ट्रकवाला माल अडवून बसला तर त्याला दोन मिनिटांत सरळ करते. पण स्वतःसाठी काही मागायचं म्हटलं की हीच बाई मांजर होते. साहेबासमोर एकच पालुपद, 'चालेल सर'. मला तिचा राग येतो तो ह्याचसाठी.

जुलैत बोनसऐवजी आम्हाला पत्रं मिळाली. रोख काही नाही, कंपनीचे शेअर. तेही चार वर्षं नोकरी टिकवली तर पूर्ण आपले, आणि कंपनी बाजारात नसल्यामुळे विकायचे कुणाला हे देवालाच ठाऊक. मी तर भडकलेच. बोरीवलीत माझ्या मुलीच्या शाळेची फी काय शेअरने भरू? सगळे चहाच्या टपरीवर शिव्या घालत होते आणि वर येऊन गुपचूप कामाला लागत होते. मीसुद्धा, खोटं कशाला बोलू.

कल्पिताचं मात्र वेगळंच होतं. तिच्या बाबांच्या, लहूकाकांच्या बोटीचं इंजिन मे महिन्यात कायमचं बंद पडलं होतं. नवीन घ्यायचं ते ह्या बोनसच्या भरवशावर. नारळी पौर्णिमेपर्यंत इंजिन बसलं नाही तर काका दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून जाणार होते. बासष्टाव्या वर्षी. आयुष्यभर स्वतःच्या बोटीचा नाखवा म्हणून मिरवलेला माणूस यार, कसं दिसलं असतं ते.

त्यात हिने घोळ घातला. घरी सांगितलं, बोनस नाही, शेअर मिळालेत. आईने, मथुरामावशीने, विचारलं, शेअर म्हणजे काय गो? ही म्हणाली, वाटा. झालं, वाट लागली. कोळीवाड्यात वाटा म्हणजे बोट किनाऱ्याला लागली, मासळी विकली की ज्याचा त्याचा हिस्सा हातात. मावशी हरखली. अख्ख्या मासळी बाजारात सांगून आली, माझी पोर कंपनीत वाटेकरीण झाली. इंजिनवाल्यालाही शब्द देऊन टाकला.

आणि कल्पिता गप्प. आठ दिवस डबा न खाता परत नेत होती. मी म्हटलं, अगं, सांगून टाक ना घरी. तर म्हणे, आईचा चेहरा बघवणार नाही मला.

गुरुवारी मथुरामावशी स्वतःच ऑफिसात आली. नऊवारी, केसांत अबोलीचा गजरा, हातात नारळ. आमचे मालक निमेशसर शाकाहारी आहेत हे तिला माहीत होतं, म्हणून मासळीऐवजी नारळ. वाटेकऱ्याच्या घरच्यांनी नाखव्याला भेटायला नको का, असा तिचा सरळ हिशोब. कल्पिता पांढरीफटक. मीच मावशीला केबिनपर्यंत नेलं आणि दारातून हलले नाही.

नारळ देऊन झाल्यावर मावशीने विचारलं, यंदा धंदा कसा झाला, पोरीच्या वाट्याला काय आलं? सरांनी बिचाऱ्यांनी नीट समजावलं. चार वर्षं, मग कंपनी मोठी झाली तर. मावशीने ऐकून घेतलं. तिच्या चेहऱ्यावरचं हसू उतरताना मी पाहिलं आणि मला रडूच आलं.

मग ती शांतपणे म्हणाली, "आमच्याकडं बोटीवर दोन तऱ्हेची माणसं असतात, शेट. एक वाट्यावर, एक पगारावर. पण कोण कशावर, ते बोट सुटायच्या आधी विचारतात. तुम्ही माझ्या पोरीला विचारलं होतं?"

आणि मग आमची मांजर, चक्क आमची मांजर, माझ्या मागून पुढे आली. "नाही विचारलं, सर. कुणालाच नाही विचारलं. मला रोख हवेत."

सोमवारी मेल आली. ज्याला हवे त्याने शेअर घ्यावेत, बाकीच्यांना बोनस रोख, ह्याच महिन्याच्या पगारात. निमेशसरांनी खाली लिहिलं होतं की आधी विचारायला हवं होतं. माणूस तसा वाईट नाही, मला कबूल करावं लागलं. मी एका सेकंदात 'रोख'वर टिक केलं. इतके दिवस मानेवर बसलेलं काहीतरी उतरल्यासारखं हलकं वाटलं.

कल्पितानेही रोखच घेतले, इंजिनची सोय झाली, पण आता तिला नवीनच भीती. आईने बाजारभर वाटेकरीण म्हणून मिरवलं, आता लोक हसतील तिला. संध्याकाळी मला ओढून बाजारात घेऊन गेली. मावशी बोंबील साफ करत होती. कल्पिताने एका दमात सांगितलं, वाटा सोडला, रोख घेतले, आता लोक तुला हसतील, आणि मान खाली घातली.

मावशीचे हात थांबले नाहीत.

"बाय, तुझ्या बापाबरोबर पस्तीस वर्षं वाट्यावर काढली मी. बोट रिकामी आली की चूल रिकामी. घरात एकाचा तरी पगार ठरलेला असावा, म्हणून तर तुला शिकवलं गो."

कल्पिता ऑफिसच्या कपड्यांत तिथेच ओल्या फरशीवर बसली आणि आईच्या खांद्यावर डोकं टाकून हसत हसत रडली.