खाट क्रमांक एकेचाळीस

मुंबईत इस्पितळं पुष्कळ झाली आणि ती चालवणारेही पुष्कळ झाले; पण माझ्या थोरल्या बहिणीच्या सासऱ्यांइतका नियमांवर जीव टाकणारा माणूस दुसरा झाला नाही, याबद्दल मी कुणाशीही पैज लावायला तयार आहे. एका व्यापाऱ्याने मरताना इस्टेट दान केली आणि त्यातून तीन संस्था उभ्या राहिल्या: गिरगावात प्रसूतिगृह, परळला चाळीस खाटांचं इस्पितळ आणि माहीमला दुखण्यातून उठलेल्यांसाठी आरामघर. या तिन्हींचे व्यवस्थापक म्हणजे ताईचे सासरे. वर सात विश्वस्त होते, पण ते महिन्यातून एकदा चहाला जमत. धर्मादाय संस्था म्हणजे कुणाचा नफा नाही, तेव्हा विचारणारंही कुणी नसेल, असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीतून एक पत्र येई, म्युनिसिपालिटीकडून दुसरं, आणि ताईचे सासरे दोघांनाही त्याच दिवशी उत्तर लिहीत. अशी पत्रं आली की त्यांच्या चेहऱ्यावर माहेरचं पत्र आल्यासारखा आनंद दिसे.

मूळ विश्वस्तनामा त्यांना तोंडपाठ होता. कुणी काही नवीन सुचवलं की ते चष्मा कपाळावर चढवून विचारायचे, "विश्वस्तनाम्यात बसतं का?" हाच प्रश्न घरीही चाले. लालबागच्या त्यांच्या दोन खोल्यांत रविवारी सुरमई आणायची की बांगडे, याचा रीतसर ठराव होई. ताईच्या सासूबाई सूचक, ताई अनुमोदक. एकदा ताईने सुरमईचा ठराव असताना कोळंबी आणली, तर ते ताटावर बसून म्हणाले, "सूनबाई, कोळंबी उत्तम झाली आहे. पण ही दुरुस्ती कुणी मांडली?" त्यावर ताई म्हणाली, "मासळीवालीने, मामंजी." मग त्यांनी दोनदा वाढून घेतली.

मी त्यांच्याच परळच्या इस्पितळात नर्स होते. घरी ते मला अगं-तुगं करत, इस्पितळाच्या फाटकात मात्र मी 'सिस्टर' होई आणि ते ओळखही दाखवत नसत. एका सकाळी मला यायला दोन तास उशीर झाला, तर टेबलावर मेमो तयार होता: उशिराचं कारण लेखी कळवावे. मी लिहिलं, "माझ्या बहिणीचे बाळंतपण. मुलगा झाला. वजन सात पौंड. आजोबांस अद्याप कळवले नाही, कारण ते कामाच्या वेळेत खासगी निरोप घेत नाहीत." त्यांनी तो कागद दोनदा वाचला, खाली 'कारण समाधानकारक' असा शेरा मारला आणि दार लावून घेतलं. आतून नाक शिंकरल्याचा आवाज आला.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ते रिकाम्या खाटांवर स्वतः निजून पाहत. स्प्रिंग टोचते का, पंख्याचा वारा लागतो का, उशीला वास येतो का, सगळं पाच-पाच मिनिटं पडून ठरवायचं. अशाच एका सोमवारी नव्याने लागलेल्या नर्सने त्यांच्या तोंडात थर्मामीटर घातला आणि पाठोपाठ एरंडेलही पाजलं. ते मुकाट्याने प्यायले. नंतर मला म्हणाले, "मुलगी चांगली आहे. पण खाटेवरचा कागद वाचायला शिकवा तिला."

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. गिरणगावात चुलीपाशीसुद्धा दुसरा विषय नव्हता. विश्वस्तांत गुजराती होते, मराठी होते, एक पारशी गृहस्थ होते, आणि मुंबई कुणाची यावरून त्यांचा चहा निवून जाई. ताईच्या सासऱ्यांनी तिन्ही ठिकाणी पाट्या लावल्या: 'येथे फक्त प्रकृतीविषयी बोलावे.' दुसऱ्या दिवसापासून आमचे रुग्ण एकमेकांना विचारू लागले, "काय रे, मुंबईची प्रकृती कशी आहे आज?"

आता त्या चाळीस खाटांविषयी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच घडलं. म्युनिसिपालिटीच्या नोंदणीपत्रावर 'खाटा चाळीस' असं लिहिलेलं होतं आणि ते पत्र चौकटीत घालून दारातच टांगलेलं होतं. एका तापाच्या साथीत आम्ही तिघांना जमिनीवर गाद्या घालून ठेवलं. तपासनीस आले, भला माणूस, म्हणाले, "गाद्या म्हणजे काही खाटा नव्हेत, चालेल." पण ताईच्या सासऱ्यांना ते चालेना. "रुग्ण जिथे निजतो ती खाट, साहेब. त्रेचाळीस लिहा." तपासनीसांनी कपाळाला हात लावला, त्रेचाळीस लिहिलं आणि नाइलाजाने ताकीदही दिली: पुन्हा चाळीसच्या वर एक जरी खाट आढळली तर इस्पितळाची नोंदणी रद्द. आम्ही सगळ्या नर्सेस महिनाभर त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होतो.

आणि मग तो दिवस आला. आमच्याच भागात मोर्चावर गोळीबार झाला. आसपासची मोठी इस्पितळं भरून गेली आणि लोक जखमींना हातगाड्यांवर घालून आमच्या फाटकात आणू लागले. आमच्या चाळीसही खाटा भरलेल्या. सगळे ताईच्या सासऱ्यांकडे बघत होते. इस्पितळ बंद पडलं तर उद्या हेच गिरणगाव कुठे जाणार, हे त्यांना आमच्याहून जास्त ठाऊक होतं. ते म्हणाले, "सगळ्यांना आत घ्या. फक्त कुणाला निजवू नका. बसलेला माणूस खाटेत धरत नाहीत."

बाकं आली, विश्वस्तांच्या खोलीतल्या खुर्च्या आल्या, त्यांची स्वतःची खुर्चीही आली. डॉक्टर बसल्या माणसांना टाके घालत होते. कुणाची मान कलली की ताईचे सासरे धावत, "बसा, बसा, जरा टेकून बसा," म्हणत त्याला सावरत. मला हसूही येत होतं आणि त्यांचा संतापही येत होता.

भिंतीशी काळाचौकीचा एक विणकर होता. गोळी पोटात. डॉक्टरांनी त्याला पाहून मला बाजूला घेतलं आणि नुसती मान हलवली. तो तासभर बसून होता. सारखा घसरत होता आणि ताईचे सासरे त्याला खांद्याला धरून सरळ करत होते. शेवटी त्याने त्यांचाच हात धरला. "माका वायंच आडवो पडांदे," तो म्हणाला.

ते उठले आणि आत गेले. परत आले तेव्हा एका हातात विश्वस्तांच्या बैठकीची गादी होती आणि दुसऱ्या हातात रजिस्टर. गादी त्यांनी स्वतः अंथरली. "सिस्टर, यांना निजवा," म्हणाले, आणि जमिनीवर मांडी घालून लिहिलं: खाट क्रमांक एकेचाळीस. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाकीच्यांनाही." दिवेलागणीपर्यंत रजिस्टरात अठ्ठावन्न खाटा झाल्या. विणकर त्याआधीच गेला होता.

त्याच संध्याकाळी त्यांनी म्युनिसिपालिटीला पत्र लिहिलं: आज नोंदणीबाहेर अठरा खाटा, जबाबदारी सर्वस्वी व्यवस्थापकाची, विश्वस्तांस पूर्वकल्पना नव्हती. तपासनीस आले ते काकुळतीलाच आले. "अहो, तुम्ही कळवलं नसतंत तर मी त्या बाजूला फिरकलोही नसतो."

"ते माहीत होतं. म्हणूनच कळवलं," ताईचे सासरे म्हणाले.

जबाबदारी त्यांनी एकट्याने उचलली म्हणून नोंदणी वाचली. विश्वस्तांपुढे त्यांनी आपला राजीनामा ठेवला आणि तो मंजूर करण्याचा ठराव मांडायला सांगितला. मुंबईवरून एकमेकांचं तोंड न बघणारे ते सात जण त्या दिवशी पहिल्यांदा एक झाले. ठरावाला सूचकच मिळेना. तेव्हा ताईच्या सासऱ्यांनी विश्वस्तनाम्यातलं एक कलम काढून दाखवलं, ज्यात राजीनाम्याला सूचक लागत नव्हता, आणि छत्री घेऊन ते घरी गेले.

महाराष्ट्र झाला त्या दिवशी लालबागला पाय ठेवायला जागा नव्हती. मी पेढे घेऊन त्यांच्याकडे गेले. ते गॅलरीत उभे राहून खाली चाललेली लेझीम बघत होते. इतके दिवस मनात ठेवलेलं मी तेव्हा विचारलं. "काका, तो माणूस वाचला नाहीच. त्याच्यापायी तुमची तीस वर्षांची नोकरी गेली. कधी वाईट वाटत नाही?"

"वाटतं तर," ते म्हणाले. "मी त्याला तासभर बसवून ठेवला."

ते इस्पितळ अजून चालू आहे, आणि दारातल्या नोंदणीपत्रावर आता साठ खाटा आहेत. त्या दिवशी गॅलरीत मला त्यांच्याविषयी जे वाटलं ते तिथेच सांगायला हवं होतं. मी त्यांच्या हातावर पेढा ठेवला आणि शेजारी उभी राहिले.